तीर्थनसाठी बांधलेले सहा स्ट्रीमर

साकोलीजवळून,
पोळ्याचा आदला दिवस

प्रिय सुध्या,

रोवणी आटोपली. चार दिवसांपासून झड लागली आहे, बांध्यांकडे जायचं काम नाही. म्हणून ओसरीत बसून तीर्थन नदीवरच्या ट्राउटसाठी तुला सहा स्ट्रीमर बांधले, म्हणजे गळावर पीस-सूत बांधून केलेले खोटे मासे. पत्रासोबत पाठवतो आहे.

मागच्या ऑक्टोबरात हिमाचलात, तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या वर त्या मोठ्या दगडामागे सुटलेला ट्राउट अजून माझ्या मनातून गेलेला नाही. दिवस मावळत होता, पाणी काळं दिसायला लागलं होतं. दोरीला असा हिसका बसला की हात खांद्यापर्यंत हलला, आणि मी काठी वर उचलली. तिथंच चूक झाली. स्ट्रीमर म्हणजे पळणारा छोटा मासा. काठी वर गेली की तो ट्राउटच्या तोंडातून निघून पाण्याबाहेर येतो. काठीचं टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हातानं दोरी ओढली असती, तर गळ लागला असता. नसता लागला, तरी स्ट्रीमर पाण्यातच राहिला असता आणि ट्राउट पुन्हा फिरून आला असता. एवढं तू पक्कं लक्षात ठेव.

पण वर्षभर विचार करून मला वाटतं की खरी खोट माझ्या बांधणीतच होती. तीन दिवसांत एकच मासा का आला? मी स्ट्रीमर टेबलावर पाहून बांधत होतो. कोंबड्याचं मानेचं कडक, चमकदार पीस, रंगाला रंग जुळवलेला. दिसायला देखणा, आणि पाण्यात पडला की काडीसारखा. यंदा घरामागच्या बोडीवर प्रत्येक स्ट्रीमर आधी ओला करून पाहिला. बोडीच्या काठी जाळं विणत बसणारे ढिवर काका म्हणाले, “मासा डोळ्यानंच नाही पाहत गा, अंगानंही ऐकते.” खरंच आहे ते. माशाच्या कुशीवरून जी रेघ जाते, तिला पाण्याची हालचाल कळते. गढूळ पाण्यात, अंधारात तो त्याच बळावर शिकार करतो.

म्हणून शेपटीला आता गावठी कोंबडीच्या मांडीजवळचं मऊ, भुसभुशीत पीस घेतलं. पूर्वी परदेशात याला मॅराबू करकोच्याचं पीस वापरत, आता टर्कीचं वापरतात. कोरडं असताना ते कापसाच्या बोळ्यासारखं फुगतं. पाण्यात घातलं की एकदम बारीक होऊन चिकटतं, आणि तुला वाटेल, गेलं वाया. पण दोरी थोडी ओढ आणि थांब. ओढताना ते आवळतं, थांबताच उमलतं. जणू आतून श्वास घेतंय. बोडीच्या पायरीवर बसून मी हेच किती वेळ पाहत राहिलो, सांगता येत नाही.

बांधणी अशी : ६ नंबरचा लांब दांडीचा गळ, पुढच्या अर्ध्या भागावर शिशाच्या तारेचे वेढे, दांडीएवढीच लांब शेपटी, अंगाला काळं शनील, त्यावर मागून पुढे फिरवलेलं कोंबड्याचं पीस. ते पीस दातानं तुटतं, म्हणून उलट्या दिशेनं तांब्याची बारीक तार गुंडाळली. तार जळालेल्या मोटारपंपाच्या वाइंडिंगची आहे. सूत आंधळगावच्या विणकराकडचं, कोशाचं. थोडं खरबरीत असल्यानं पीस घट्ट धरतं. गळाच्या डोळ्याजवळ, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाजवळ, जागा सोडली आहे. मागच्या वर्षी तिथं गर्दी केली होती आणि गाठ नीट बसत नव्हती.

त्यातले दोन मडलर नावाच्या जुन्या स्ट्रीमरच्या धर्तीचे आहेत. मूळ मडलर डॉन गॅपन यांनी १९३० च्या दशकात कॅनडातल्या निपिगॉन नदीवर बांधला, तळाला राहणाऱ्या मोठ्या डोक्याच्या माशासारखा. त्याच्या डोक्याला हरणाचे पोकळ केस लागतात. आपल्याकडे चितळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे तो विषयच नाही. बकरीचे केस लावून पाहिले, ते पोकळ नसल्यामुळे फुलत नाहीत. शेवटी काठेवाड्यांच्या मेंढरांची लोकर दाबून बसवली आणि कात्रीनं गोल कापली. लोकर पाणी पिते, डोकं खाली जातं. तळाच्या माशासाठी मला तर हेच जास्त बरं वाटलं. आपल्या गावचं पीस आणि लोकर त्या थंड नदीत कशी चालेल, अशी शंका आणू नकोस. ट्राउटही तिथला मूळचा नाहीच, १९०९ साली कुल्लूत बाहेरून आणून वाढवलेला आहे.

बोडीत एका मरळीनं काळ्या स्ट्रीमरवर झडप घातली होती, पण मी तिथं पुन्हा टाकला नाही. सध्या तिची लालसर पिल्लं थव्यानं वर येतात आणि ती खालून राखण करते. आता तिला मारली तर थवा दोन दिवसांत संपेल.

आता तुझं काम. पाऊस उतरून पाणी जरा गढूळ असेल, तेव्हा काळा टाक. नितळ झालं की तपकिरी, तोही अगदी पहाटे किंवा सांजेला. वरच्या अंगानं आडवा टाकून प्रवाहाबरोबर फिरू दे, वळण संपता संपता दोन छोटे हिसके दे. टिपेट, म्हणजे दोरीच्या टोकाचा तंगूस, जाड ठेव, स्ट्रीमरला बारीक लागत नाही. परवाना काढल्याशिवाय उतरू नकोस. १ नोव्हेंबरपासून ट्राउटची मासेमारी बंद होते, म्हणून मी दसऱ्यानंतर लगेच निघेन. धान कापणीआधी आठ दिवस मिळतात.

आईनं तुझ्यासाठी जवसाची चटणी बांधून ठेवली आहे, येताना आणतो. लोकरीच्या डोक्याचा एक स्ट्रीमर मात्र वापरू नकोस. त्या दगडामागे तो मलाच टाकायचा आहे.

तुझाच,
दिन्या