आण्णांची माळ

लातूर

प्रिय मित्रा,

तेराव्याची भाड्यानं आणलेली भांडी परत करून आत्ता बसलोय. फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आण्णा काकड्याच्या वेळेला गेले. भजनी मंडळी टाळ-मृदंग घेऊन पुढं, मागं आम्ही. जो तो 'देवमाणूस होता' म्हणत होता. मला ते काही पटेना. तुला तर त्यांचा राग ठाऊक आहे. सोयाबीनचा भाव पडला की आधी आडत्याला शिव्या, मग हरिपाठ.

30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट तुला मी अर्धीच सांगितली होती. विसर्जन उरकून गाव झोपलेलं. किल्लारी आमच्यापासून चार कोसांवर. दगड-मातीच्या भिंती, वर माळवदाची हातभर पांढरी माती; हललं ते सगळं अंगावरच यायचं. आण्णांनी आधी आजीला पाठुंगळी घेतलं, मग आम्हा तिघांना ओढलं, आईला हाका मारत बाहेर काढलं, दावणीची बैलंसुद्धा सोडली. विठोबा राहिला. देवघराचा खण थोड्या वेळानं खाली बसला. तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून पितळी मूर्ती निघाली, डावं कोपर चेपलेलं. पुढं भजनात कुणीतरी टोमणा मारला, "माळकऱ्या, देवच इसरलास व्हय?" आण्णा म्हणाले, "त्याला इटंवर हुबं ऱ्हायाची सवंय हाय. माय म्हातारी व्हती."

वारी त्यांनी एकदाच चुकवली, आईच्या ऑपरेशनच्या वर्षी. आणि 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं तेव्हा, हा त्रिकाळ आंघोळ करणारा माणूस एका तांब्यात अंग पुसून घ्यायचा. उरलेली बादली नातीसाठी.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. बारा वर्षांचा असताना त्यांनी माझ्या गळ्यात माळ घातली. होस्टेलवर मी ती काढली, आपण मटण खायला गेलो, आणि माळ तुझ्या पेटीत राहिली. नंतर एका एकादशीला गावी गेलो. घरात सगळ्यांना भगर. आण्णांनी माझ्या मोकळ्या गळ्याकडं एकदा बघितलं आणि चुलीकडं तोंड करून आईला म्हणाले, "त्याला दोन भाकरी टाक. लांबून आलाय." त्यानंतर माळेचा विषय कधीच काढला नाही. त्या भाकरी मला गिळता गिळेनात.

काल त्यांची वारीची पडशी उघडली. बुक्क्याची डबी, चिपळ्या, दोन गोळ्या राहिलेलं तापाचं पाकीट. तळाशी कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेली माझी माळ. परीक्षेच्या रात्री दाताखाली फोडलेला मणी होता, त्यावरून ओळखली.

म्हणजे तू ती त्यांना दिलीस. कधी? आणि काय म्हणाले ते? मला का नाही सांगितलंस रे?

फोनवर नको, इकडं येऊनच सांग. एकादशी धरून आलास तरी चालेल. आई भाकरी टाकील.

तुझा,
बाळू