गुणांची सरासरी आणि पॉइंट गार्डची पारख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील एका पॉइंट गार्डविषयी, म्हणजे चेंडू पुढे नेऊन संघाचा खेळ रचणाऱ्या खेळाडूविषयी, लेख आला होता. या स्पर्धांना मराठी वृत्तपत्रात अर्धे पान मिळाले याचा आनंदच झाला. परंतु त्या मुलाचा व्यावसायिक खेळात निभाव लागेल की नाही, हे ठरवताना लेखकाने दोनच मापे लावली आहेत. गुणांची सरासरी भरघोस आहे म्हणून तो एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, चमकेल आणि उंची सहा फुटांच्या आसपास आहे म्हणून कदाचित अडखळेल, असा लेखाचा एकंदर सूर आहे. याच दोन मापांवर विसंबून मी स्वतः एकदा सपशेल फसलो आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

२०१०-११ च्या हंगामात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या जिमर फ्रेडेटने सामन्यामागे २८.९ गुण केले. देशातील कोणत्याही महाविद्यालयीन खेळाडूची ती त्या वर्षीची सर्वोच्च सरासरी होती. त्या जूनमध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, तो दहाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि अदलाबदलीत सॅक्रॅमेंटो संघाकडे आला. त्याच संघाने त्याच रात्री शेवटच्या, म्हणजे साठाव्या क्रमांकावर वॉशिंग्टन विद्यापीठाचा आयझेया थॉमस घेतला. त्याची उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. दोघांचाही जन्म फेब्रुवारी १९८९ चा, त्यामुळे वयाचा फायदा कोणालाच नव्हता. मी त्या वेळी शाळेच्या संघाला शिकवत होतो आणि माझ्या वहीत फ्रेडेटच्या नावाखाली दोन रेघा मारल्या होत्या. थॉमसचे नाव त्या वहीत नव्हतेच. पहिल्या हंगामात थॉमसची सरासरी ११.५ झाली, फ्रेडेटची ७.६. पुढे २०१६-१७ मध्ये बोस्टनकडून खेळताना थॉमसने एनबीएत सरासरी २८.९ गुण केले. फ्रेडेटने महाविद्यालयात केलेला, दशांशासकट नेमका तोच आकडा!

फ्रेडेटचा नेम बिघडला होता असे मात्र नाही. एनबीएतही तीन गुणांचे ३७ टक्क्यांहून अधिक चेंडू त्याने जाळीत टाकले आणि नंतर चीनच्या लीगमध्ये तर एका सामन्यात ७५ गुण केले. अडचण निराळी होती. महाविद्यालयात सारा संघ त्याच्याभोवती रचलेला होता, चेंडू बराच वेळ त्याच्याच हातात असे आणि त्याने कितीही वेळा नेम धरला तरी ते संघाला परवडत असे. २०११ च्या राष्ट्रीय स्पर्धेत फ्लोरिडाविरुद्ध त्याने ३२ गुण केले. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात ते भव्यच दिसतात, पण त्यासाठी त्याने २९ वेळा बास्केटकडे चेंडू फेकला, त्यातले ११ आत गेले आणि संघ जादा वेळेत हरला. असे २९ प्रयत्न एनबीएमध्ये नवख्या खेळाडूला कोण करू देणार? शिवाय तिथे प्रतिस्पर्धी आधी तुमच्या संघातला सर्वांत कच्चा बचावपटू हेरतात, तो ज्याला अडवत असतो त्या आपल्या खेळाडूला स्क्रीन लावायला, म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभे राहायला, पुढे बोलावतात आणि स्विच झाला, म्हणजे बचावपटूंनी आपापले खेळाडू बदलले, की थेट त्याच्यावर चाल करून जातात. पॉइंट गार्ड बचावात टिकत नसेल, तर त्याचे गुण एका हाताने आले आणि दुसऱ्या हाताने गेले.

नियमांतील फरकाचा लेखात उल्लेखही नाही, तो करायला हवा होता. महाविद्यालयात चेंडू फेकण्यासाठी सध्या ३० सेकंद मिळतात, एनबीएत २४. महाविद्यालयीन पुरुषांची तीन गुणांची रेषा २०१९-२० पासून आंतरराष्ट्रीय अंतरावर, म्हणजे ६.७५ मीटरवर गेली. आपल्याकडच्या मैदानांवरही तीच असते. एनबीएची रेषा बास्केटसमोर ७.२४ मीटरवर आहे. फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा वाटतो, पण मी आमच्या सिमेंटच्या मैदानावर खडूने ती रेषा आखून मुलांना उभे केले, तेव्हा ज्यांचा नेम हमखास लागे त्यांचे चेंडू एकामागून एक रिंगच्या पुढच्या कडेवर आपटू लागले. याच्या उलट, एनबीएत बचावपटूला कोणाला न अडवता रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा अधिक थांबता येत नाही आणि महाविद्यालयात असे बंधन नाही. त्यामुळे गर्दीतून वाट काढणारा गार्ड महाविद्यालयीन आकड्यांत आहे त्याहून सामान्य दिसू शकतो.

मग पाहायचे काय? माझ्या मते पाय. विलानोव्हा विद्यापीठाचा जेलेन ब्रन्सन २०१८ साली देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला होता, त्याच्या संघाने २०१६ आणि २०१८ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती, तरीही उंची आणि वेग कमी म्हणून ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी ३२ जण निवडले गेले. त्याचे त्या काळातले सामने आजही सहज पाहायला मिळतात. तो बचावपटूला पाठीवर घेऊन आत शिरतो आणि पूर्ण वेगात असताना दोन्ही पायांवर एकदम थांबतो. मागचा खेळाडू झोकात पुढे निघून जातो. ब्रन्सन एका पायावर वळतो, खांदा हलवून हूल देतो, समोरचा उंच खेळाडू उडी मारतो, आणि तो खाली येत असताना हा शांतपणे चेंडू सोडतो. या कसबाला उंची लागत नाही आणि मोठ्या मैदानावर ते शिळेही होत नाही. न्यूयॉर्ककडून २०२३-२४ मध्ये त्याने २८.७ गुणांची सरासरी गाठली ती याच पायांवर.

दुसरी गोष्ट म्हणजे कोंडीत सापडल्यावर आणि चेंडू हातातून गेल्यानंतर गार्ड काय करतो. दोघांनी घेरले असता पास कोणत्या हाताने निघतो, डावीकडे ढकलले तर डोके वर राहते का, टर्नओव्हर झाल्यावर, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गमावल्यावर, तो पंचांकडे पाहतो की मागे धावतो, हे गुणफलकावर दिसत नाही. फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर कोणी न अडवता मिळणाऱ्या फेकींची, टक्केवारी जरूर पाहावी. पण ती नेम सांगते, तो नेम धरायला जागा मिळेल की नाही हे सांगत नाही.

जाणकारही चुकतात हे मला मान्य आहे. २००९ मध्ये मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर लागोपाठ दोन पॉइंट गार्ड घेतले आणि डेव्हिडसन महाविद्यालयाचा, पुढे महान ठरलेला स्टीफन करी सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटला मिळाला. तेव्हा आपल्या लेखकाने अंदाज बांधला याबद्दल तक्रार नाही. मात्र पुढच्या लेखात त्या मुलाचे टर्नओव्हर, एका सामन्यातले त्याचे एकूण प्रयत्न आणि प्रतिस्पर्धी त्याच्यावर चाल करून जातात तेव्हा काय घडते, एवढे तरी छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा