तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

समोर काही बोलायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून चार लोकांसमोर लिहितेय.

लेकीचा क्लॅटचा, म्हणजे लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला आणि हवं ते कॉलेज मिळेल असं दिसतंय. पहिला पेढा तुमच्याकडेच पाठवला, पण हे काही पेढ्याने फिटणारं नाही.

स्टेशनजवळच्या त्या क्लासची फी आम्ही आगाऊ भरली होती. पोरगी मराठी शाळेतली, त्यात पेपर इंग्रजीतून, १२० मिनिटांत १२० प्रश्न आणि चुकलं की पाव गुण वजा. 'उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष निघतो' असा प्रश्न आला की ती अडायची. चारही पर्याय तिला खरेच वाटायचे. सर म्हणायचे, "उत्तर सी. पुढे चला." सीच का, असं विचारलं तर, "सराव कर, जमेल." पुन्हा विचारलं की पोरं हसायची.

रडवेली होऊनच ती तुमच्याकडे आली. मी चहा घेऊन वर आले, तर तुम्ही चष्मा पुसून तो उतारा स्वतः वाचत होता. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, सावकाश, ओळीखाली बोट फिरवत. चहा गार झाला तरी मान वर केली नाहीत. काका, तोवर तिच्या शेजारी बसून तो उतारा कुणी वाचलाच नव्हता हो! सगळ्यांनी फक्त उत्तरं वाचली होती. ज्याला येतं त्याने न येणाऱ्यासमोर घाई करू नये, एवढा सभ्यपणा हल्ली फी भरूनही मिळत नाही.

मग तुम्ही म्हणालात, "हे कुठे लिहिलंय? बोट ठेव." ठाणे कोर्टात जन्मभर स्टेनो होतात तुम्ही. साक्षीदार बोलला तेवढंच उतरवायचं, त्याच्या मनातलं नाही, ही तुमची शिस्त. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला १४ डब्यांची गाडी आली, एवढीच ओळ दिलीत. 'ठाणेकर आनंदले' हा निष्कर्ष? आनंदले असतीलही, पण ओळीत नाही. 'त्या दिवशी ठाण्यापर्यंत रूळ होते' हा चालेल. खरा निष्कर्ष असाच नीरस असतो, झगमगीत पर्याय दिसला की आधी संशय घ्यायचा, हे तिला तिथे कळलं. आणि 'काही लोकल उशिरा आल्या' म्हणजे बाकीच्या वेळेवर आल्या असं होत नाही, हे तर ठाणेकराला शिकवायलाच नको!

एका गोष्टीचा मात्र राग आहे. पैशांचं पाकीट तुम्ही न उघडता खाली पाठवलंत. संक्रांतीला गुळपोळ्यांचा डबा पाठवतेय. तो परत आला तर मी स्वतः वर येईन आणि समोर बसवून खायला लावेन. काकूंना आधीच सांगून ठेवलंय.

तुमची,
खालच्या मजल्यावरची