प्रवेश दिलात, आता शिक्षकांकडे बघा

प्रति,
मा. केंद्रीय शिक्षणमंत्री,
शास्त्री भवन, नवी दिल्ली

विषय: निर्वासित मुलांच्या शिक्षकांना खेळातून शिकवण्याचे प्रशिक्षण मिळण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन राज्यातली माणसं तिआउ नदी ओलांडून मिझोरामात येऊ लागली. पुढे त्यांची संख्या तीस हजारांवर गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिझोरामच्या शिक्षण खात्याने शिक्षण हक्क कायद्यावर बोट ठेवून सांगितलं, की या मुलांना शाळेत घ्या. कोणाला आश्रय द्यायचा नि कोणाला परत पाठवायचं, ते गृहमंत्रालय बघेल. त्या वादात मला पडायचं नाही. मला बोलायचंय ते शाळेत प्रवेश झाल्यानंतरच्या दिवसाबद्दल.

तिसरीपर्यंत बर्मी लिपीत शिकलेलं पोर आता रोमन अक्षरांत लिहिलेल्या फळ्यासमोर बसतं. कायद्याचं कलम 4 म्हणतं, वयाप्रमाणे वर्ग द्या आणि विशेष प्रशिक्षण द्या. देणार कोण? वर्गातली बाईच. पण त्यासाठी तिला तयार कोणी केलं?

मी पालघर जिल्ह्यातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला जे काम सुरू केलं, त्याच वाटेवर माझी बालवाडीतली वर्षं गेली. घरात वारली बोलणारं मूल पहिले काही दिवस तोंडच उघडत नाही. त्याला 'नाव सांग' म्हणून खोदून विचारण्यात अर्थ नसतो. चार फोडलेले चिंचोके त्याच्या हातात द्यायचे नि जमिनीवर टाकायला लावायचे. पांढरी बाजू किती वर, तपकिरी किती? आधी मूल बोटं दाखवतं. मग शेजारची पोरगी ओरडते, 'तीन!' दोन-चार डावांनंतर हेही ओरडतं, कधी तिच्या भाषेत, कधी स्वतःच्या. बाईंनी दोन्ही आकडे मोठ्यांदा म्हणायचे, बस्स. बेरीज तिथेच सुरू होते, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणंही.

निर्वासित मुलांच्या बाबतीत याहून अवघड एक गोष्ट आहे. 2021 मध्येच चिन राज्यातलं थांतलांग गाव जाळलं गेलं. तिथून आलेलं मूल ठोकळ्यांचं घर रचेल, लाथेने पाडेल, पुन्हा रचेल, पुन्हा पाडेल. न शिकलेली बाई म्हणेल, 'मस्ती पुरे.' शिकलेली बाई शेजारी बसेल, पाडू देईल, आणि काही दिवसांनी एक बाहुली पुढे सरकवून विचारेल, 'ही कुठे राहील?' हे आपोआप येत नाही, शिकवावं लागतं.

त्यासाठी आपल्याकडे 'निष्ठा' हा सरकारी शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम आहे. खरं सांगू का, मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडायची आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं, हे प्रशिक्षण आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ते इथे कामाचं नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये तुमच्याच मंत्रालयाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला. खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची पुस्तकं, सगळं त्यात आहे. तो छावण्यांतल्या मुलांपर्यंत पोचवा आणि तो उघडून मुलांशी खेळायचं कसं, हे बाईंना समोरासमोर शिकवा.

शिक्षक कमी पडतील, अशी सबब मात्र नको. म्यानमारच्या लष्कराविरुद्धच्या असहकारात नोकरी सोडलेले कितीतरी शिक्षकही सीमा ओलांडून आले आहेत. त्यांना मानधनावर मदतनीस नेमा, मुलांची बोली त्यांना येते. बांगलादेशात कॉक्स बझारच्या छावण्यांत 'ब्रॅक' या स्वयंसेवी संस्थेने रोहिंग्या तरुणींनाच खेळघरं चालवायला शिकवलं, आणि तिथे त्यांच्याच बोलीतली बडबडगीतं म्हटली जातात. आपल्याला तर लांब जायलाही नको. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या मुलांसाठी पोलिश शाळा होत्या, स्काउटची पथकं होती, शिकवायला पोलिश शिक्षक होते. त्या काळी संस्थानात जमलं, ते आज केंद्र सरकारला जड जावं का?

आणखी एक. आधार कार्ड नाही म्हणून कोणाचाही प्रवेश अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच स्पष्ट केलं आहे. तरी पोर्टलवर आधारचा रकाना आला की मुख्याध्यापकांचा हात अडतो. तेवढं एक स्पष्ट परिपत्रक काढा.

सुरुवात मिझोरामात म्यानमारच्या सीमेवर असलेल्या झोखावथारच्या एका शाळेपासून केली तरी चालेल. शिकवायला माणसं हवी असतील तर आम्ही काही निवृत्त ताया स्वतःच्या खर्चाने यायला तयार आहोत. फक्त सुट्टीत बोलावू नका. मुलं समोर नसतील तर असलं प्रशिक्षण होत नाही.

आपली,
पालघर जिल्ह्यातील एक निवृत्त बालवाडी प्रशिक्षिका