सुई कोणाच्या हातात

नौपाडा, ठाणे

चि. शलाकास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू जेवण अर्धं टाकून उठलीस आणि पनवेलची गाडी पकडलीस, तेव्हापासून माझा फोन घेत नाहीस. आईचा घेतेस, तेवढ्याने बरं वाटतं. मोबाइलवर मला इतकं सगळं लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र. श्रीरंग शुक्रवारी खारघरला येणार आहे, त्याच्या हाती देतो.

हनुवटीची खळी भरून घ्यायचं तू ठरवलं आहेस, त्यात तुला अडवायला लिहीत नाही. हनुवटी तुझी, पैसे तुझ्या पगाराचे, आणि तू सव्वीस वर्षांची आहेस. रविवारी मी विचारलं ते एवढंच, की सुई कोण टोचणार. तू म्हणालीस, "बाबा, चांगलं क्लिनिक आहे." क्लिनिक टोचत नाही गं, माणूस टोचतो. असो. तो विषय आज काढायचा नाही असं ठरवून बसलो आहे.

हे कुठून सुरू झालं ते मला ठाऊक आहे. डोंबिवलीच्या त्या बाई पोहे खाता खाता म्हणाल्या, "मुलगी छान आहे, हनुवटी मात्र जरा पुरुषी वाटते." तू हसून ट्रे उचललास आणि आत गेलीस. त्या स्थळाला मी त्याच रात्री नाही कळवलं, आईने तुला सांगितलं असेलच. पण ते वाक्य तू बरोबर घेऊन गेलीस, आणि त्यानंतर तुझे सगळे फोटो एकाच बाजूने काढलेले दिसतात. वर्षा मॅरेथॉनचा तुझा फोटो आठवतो का? भिजून चिंब, मान वर केलेली, समोरून काढलेला. तो अजून शोकेसमध्ये आहे. येईल त्याला मी आधी तो दाखवतो.

ती खळी अण्णांची, तुझ्या आजोबांची. चरईच्या खोलीत खिडकीच्या गजाला आरसा अडकवून ते दाढीला बसायचे. बाकीची दाढी झरझर व्हायची आणि हनुवटीपाशी आले की हात थांबायचा. जीभ आतून दाबून खळी फुगवायची, ब्लेडचा कोपरा त्या रेघेत उभा धरायचा आणि श्वास रोखायचा. तरी रक्त यायचंच. मग तुरटीचा खडा. तू झालीस तेव्हा त्यांनी दुपटं बाजूला करून बघितलं आणि म्हणाले, "हिला दाढीची कटकट नाही, सुटली." नंतर किती तरी वेळ तुला मांडीवरून खाली ठेवली नाही.

माईआत्याने मात्र लगेच ग्रहण काढलं. ११ ऑगस्ट १९९९ ला संध्याकाळी सूर्यग्रहण होतं आणि तुझ्या आईने दुधी चिरला होता, म्हणून म्हणे तुझी हनुवटी चिरली. आई बिचारी कितीतरी दिवस मनाला लावून बसली होती. तू डिसेंबरची. बाळाचा चेहरा पहिल्या अडीच महिन्यांतच घडतो, ऑगस्टपर्यंत तुझं नाकडोळे सगळं जागच्या जागी होतं. फाटलेला ओठ किंवा टाळू ही वेगळी गोष्ट, तिला उपचार लागतात. हनुवटीची खळी हा आजार नाही, व्यंगही नाही.

मग ती येते कशी, हे मी प्राजूताईला विचारलं. तिचं एम.डी.एस., म्हणजे दंतवैद्यकातली पुढची पदवी, जबड्याच्या सर्जरीतलंच आहे, त्यामुळे तिने कागदावर काढून दाखवलं. खालचा जबडा आधी दोन अर्ध्यांत तयार होतो आणि मधली सांध जन्मानंतर पहिल्या वर्षात हाडाने भरून येते. तिथे हाडात बारीक खाच राहिली, किंवा हनुवटीच्या स्नायूच्या दोन पट्ट्यांमध्ये फट राहिली, की वरची कातडी आत ओढली जाते. बाकी सगळं आनुवंशिक. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की आईबापांपैकी एकाला असली तरच मुलाला येते. मला नाही, तुझ्या आईलाही नाही, तरी तुला आहे. प्राजू म्हणाली, हे एका जनुकाचं काम नाही, अनेक जनुकं मिळून ठरवतात, त्यामुळे एक पिढी दिसत नाही आणि पुढच्या पिढीत उमटते. म्हणजे अण्णांचं ते माझ्यातूनच तुझ्यापर्यंत आलं, मला न दिसता. हे ऐकल्यापासून मला फार बरं वाटतंय. कर्क डग्लस म्हणून हॉलिवूडचा नट होता, त्याची ओळखच ती खळी. काही जण तर ऑपरेशन करून मुद्दाम पाडून घेतात.

हे लिहिलं ते तुझं मन वळवायला नाही. थोडंसं आहे, खोटं कशाला बोलू.

आता तू करणार आहेस त्याबद्दल. तू दाखवलेल्या पत्रकात नुसतं "चिन करेक्शन" आहे, आत काय भरणार ते कुठेच नाही. प्राजू म्हणते, बहुधा हायलुरॉनिक अॅसिडचा फिलर, म्हणजे कातडीखाली सुईने भरायचा जेल. तो साधारण वर्षभर टिकतो, कुणाला थोडा कमी, कुणाला दीड वर्ष, मग पुन्हा भरावा लागतो. म्हणजे खर्च एकदाचा नाही, दरवर्षीचा धर. स्नायूच्या ओढीने खळी खोल दिसत असेल तर स्नायू सैल करणारं बोटॉक्सही देतात, पण ते तीन-चार महिनेच. पोटाची चरबी काढून हनुवटीत भरता येते, तिच्यातली काही शरीर शोषून घेतं. सिलिकॉन बसवणं किंवा हाड कापून बसवणं हे ऑपरेशन झालं, त्यात खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जवळून जाते, ओठ बधिर राहू शकतो. ते कुणी सुचवलं तर त्या दिवशी हो म्हणू नकोस, उठून घरी ये. आधी तुझी खळी हाडाची आहे की स्नायूची, हे हात लावून बघायला हवं. ते न बघता तारीख देतात, ती कशाच्या जोरावर?

फिलर तसा बरा, कारण नको झाला तर विरघळवायचं इंजेक्शन आहे, हायलुरोनिडेज. दुसऱ्या काही फिलरना तो उतारा चालत नाही. पण तो जेल चुकून रक्तवाहिनीत गेला तर पुढचा रक्तपुरवठा बंद होतो. असं क्वचित होतं, पण होतं. कातडी पांढरी पडते, दुखायला लागतं, मग निळसर डाग उठतात. ते लगेच ओळखून हायलुरोनिडेज दिलं तर वाचते, नाही तर तेवढी कातडी मरते. हे ओळखणारा माणूस समोर हवा आणि ते इंजेक्शन त्याच्या फ्रिजमध्ये हवं. म्हणून मी विचारत होतो, सुई कोण टोचणार. मी तिथे फोन केला होता. एक मुलगी गोड बोलली, महिनाअखेरपर्यंत सूट आहे म्हणाली. डॉक्टरांचं नाव विचारलं तर म्हणाली, "आमची टीम आहे, सर."

मी वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर इन्स्पेक्शनला होतो. गाडीभर माल आला तरी बॅच नंबर बघितल्याशिवाय एक नग आत घेतला नाही. तू सिरिंजचं खोकं समोर उघडायला सांग, एक्स्पायरी बघ, बॅचचा स्टिकर तुझ्या कागदावर लावून घे. डॉक्टर एम.सीएच. प्लास्टिक सर्जन, त्वचारोगाचे एम.डी. किंवा प्राजूसारखे जबड्याचे सर्जन असावेत. एम.डी. आणि एम.सीएच.ची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. डोकं दुखलं की तू त्या आयब्युप्रोफेनच्या गोळ्या घेतेस, ते त्यांना आधी सांग, काळंनिळं जास्त पडतं. आणि तुझं रूट कॅनाल अर्धवट आहे. ते पूर्ण होऊन थोडे दिवस जाऊ देत, दाताचा जंतुसंसर्ग असताना शेजारीच सुई नको.

बघ, पुन्हा सुरू झालो. रागावू नकोस. तू बेलापूरच्या ऑफिसात मोठमोठ्या माणसांसमोर उभी राहून बोलतेस आणि मी तुला एक्स्पायरी बघायला शिकवतोय. तू लहान असताना मऊ भाताचं शीत त्या खळीत अडकायचं आणि ते काढायला गेलं की तू हनुवटी आणखी पुढे करायचीस, मुद्दाम. अडीच वर्षांची असशील. मला अजून तू तेवढीच वाटतेस, त्याला काय करू.

सगळं विचारून, बघून, तरीही करायचं ठरवलंस तर कर. आई नाराज होणार नाही, मी तिच्याशी बोललो आहे. मीही येईन. क्लिनिक वाशीला, ठाण्याहून थेट गाडी आहे, मी बाहेर बसेन, आत एक शब्द बोलणार नाही. भाऊजींकडच्या मुंजीच्या आधी सूज उतरेल की नाही एवढं विचारून घे. सुजेला काही दिवस लागतात, आणि फोटो सगळे त्याच दिवशी निघणार.

श्रीरंगाबरोबर मेतकूट आणि कुळथाचं पीठ दिलं आहे. पीठ फ्रिजमध्ये ठेव. आणि तो परत येताना त्याच्याजवळ डॉक्टरांचं पूर्ण नाव लिहून दे, डिग्री आणि नोंदणी क्रमांकासकट.

तुझा,
बाबा