आमचा क्लस्टर सांभाळणाऱ्या दादाला

दादा,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तू लगेच विषय बदलतोस, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

जुलैची ती रात्र, रत्नागिरीत झड लागलेली, वीज कडाडली नि लाईट गेली, आणि परत आली तेव्हा आपल्या क्लस्टरमधल्या एकत्र जोडलेल्या 6 मशीनपैकी 2 बंदच. नेमके दोन्हीवर सेफचे, म्हणजे सगळ्या मशीनवर डेटा विभागून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, मॉनिटर (स्टोरेजचा हिशेब ठेवणारे प्रोग्राम). तीनातला एकच उरला, क्वोरम (निम्म्याहून जास्त मॉनिटर चालू असणं) तुटला, सगळं स्टोरेज जागच्या जागी थांबलं. सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं काय परत उतरवता येतात, पण त्यांच्यावर मी हाताने आखलेल्या गुहागरच्या किनाऱ्याच्या रेषा तिथेच होत्या, बाकी कुठेच नाही. रात्री साडेअकराला तुला फोन केला आणि मला रडूच फुटलं.

सकाळी पावसातनं आलास, रेनकोट दाराला अडकवलास. उरलेल्या एका मॉनिटरवर जबरदस्तीने चालू करता येतं हे मी वाचलेलं, तेच कर म्हणून तुझ्या मागे लागले, सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता ना. तू म्हणालास, "थांबलंय तेच बरं आहे गो. त्या एकट्याकडे शेवटपर्यंतचं सगळं आहे का, ते आधी बघू." आणि आधी त्याची कॉपी काढून बाजूला ठेवलीस. मग बंद मशीन उघडलीस. एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) पिना खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या, वास जळका. बाजारातून नवा आणून बसवलास, दुसरा मॉनिटर उठला, तीनात दोन झाले आणि क्वोरम जमला.

तरी क्लस्टरवर आमची कामं चालू केलीच नाहीस. अजून बंद असलेल्या मशीनवरच्या डेटाच्या कॉपी उरलेल्यांवर परत तयार होईपर्यंत स्लर्मची (कामं मशीनना वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरची) क्यू बंद, दोन दिवस! मला तेव्हा खूप राग आला होता, आज सांगते. रविवारी रात्री सगळ्या कॉपी पूर्ण झाल्याचं दिसलं आणि माझ्या सगळ्या रेषा जशाच्या तशा होत्या, एकही गेली नाही.

नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता तू हे करतोस, आणि घाई करणाऱ्या आम्हा सगळ्यांना शांतपणे थोपवतोस, हे मला आधी नीट कळलंच नव्हतं. एसएमपीएसचे पैसे आम्ही वर्गणी काढून जमवलेत, यावेळी नाही म्हणायचं नाही. आणि पुढच्या पावसाळ्याआधी मला पिना साफ करायला शिकव, खोलीची दुसरी चावी मी ठेवते.