सलामिसच्या फेरीबोटीवरून

पिरेयस, ग्रीस
रविवार

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "अडीच हजार वर्षांपूर्वीची शोकनाटकं, त्यांचं आज कुणाला काय पडलंय?" तेव्हा ऑफिसातून दुसरा फोन आला आणि उत्तर राहून गेलं. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तालीम संपल्यावर निवांत वाचा.

सकाळी पेरामाच्या धक्क्यावरून सलामिस बेटावर जाऊन आलो. फेरीबोटीने पंधरा मिनिटं लागतात. बोटीत ट्रक, मोटारसायकली, पाव घेऊन निघालेल्या म्हाताऱ्या. आपल्या रेवसच्या धक्क्याची आठवण यावी इतकी साधी जागा. पण इ.स.पू. ४८० मध्ये याच चिंचोळ्या पाण्यात ग्रीकांनी इराणच्या बादशहाचं, झर्क्सिसचं, आरमार मोडलं. त्याच्या थोडंच आधी इराणी फौजेने अथेन्समध्ये शिरून अक्रोपोलिस टेकडीवरची देवळं जाळली होती. गावकरी बायकापोरांना घेऊन समुद्रापार पळाले होते.

पुढचं तुमच्यासारख्या नाटकवेड्यासाठी. त्यानंतर आठच वर्षांनी, ४७२ मध्ये, त्या जळक्या टेकडीच्याच पायथ्याशी एस्किलसने 'पर्शियन' (म्हणजे इराणी) हे नाटक लावलं. आज हाती असलेलं सगळ्यांत जुनं ग्रीक नाटक हेच. खर्च उचलला होता पुढे अथेन्सचा पुढारी झालेल्या तरुण पेरिक्लिसने, आणि स्पर्धेत पहिलं बक्षीसही मिळालं. (होय, स्पर्धाच! राज्य नाट्य स्पर्धेतल्या परीक्षकांवर तुम्ही वैतागता ना, ते दुखणंही इतकं जुनं आहे.) एस्किलस स्वतः मॅरेथॉनला इराण्यांशी लढलेला, सख्खा भाऊ त्या लढाईत गेलेला. अशा माणसाने विजयाचं नाटक लिहायचं तर काय लिहावं? तुम्ही-आम्ही पोवाडा लिहिला असता.

त्याने नाटक नेऊन ठेवलं थेट शत्रूच्या राजधानीत, सूसाला. रंगभूमीवर झर्क्सिसची आई वाट बघत बसलीय. तिला वाईट स्वप्न पडलंय. जासूद येतो आणि पडलेल्या सरदारांची नावं सांगत सुटतो, एकामागून एक. सगळ्या नाटकात एकाही ग्रीक माणसाचं नाव नाही, इराण्यांची मात्र डझनांनी. शेवटी झर्क्सिस फाटक्या कपड्यांत परततो. तो येण्याआधी आईला सगळ्यात काय लागतं, तर पोराच्या अंगावर चिंध्या आहेत हे. ती त्याच्यासाठी चांगले कपडे आणायला आत जाते. विद्वानांना हे जरा उथळ वाटतं. मला आपली आई आठवली. मी बारावीला नापास होऊन आलो तेव्हा तिने आधी विचारलं होतं, "डबा खाल्लास का?"

आता समोरचे प्रेक्षक डोळ्यांपुढे आणा. त्यांतल्या कित्येकांनी इथे सलामिसच्या लढाईत वल्ही मारली होती. ते लाकडी बाकांवर बसून (आज दिसतात ते दगडी बाक पुढच्या शतकातले) शत्रूच्या आईचा आक्रोश ऐकत होते. ती आईही मुखवटा लावलेला पुरुषच! कुणी मनातून खूशही झाले असतील. नाटकात अथेन्सची स्तुती आहेच, ते लपवत नाही. तरी शत्रूचं रडणं तासभर ऐकून घ्यायचं म्हणजे खायचं काम नाही.

उलट बाजूही सांगतो. काही वर्षं आधी फ्रिनिकस या नाटककाराने मिलेटस शहर इराण्यांच्या हाती पडलं त्यावर नाटक केलं होतं. मिलेटस हे अथेन्सचं नात्यातलं गाव. सगळं नाट्यगृह रडलं, आणि ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की नाटककाराला एक हजार ड्राख्मा दंड झाला, कारण त्याने 'घरच्या दुःखाची' आठवण करून दिली. नाटकावर बंदीही आली.

पुढे प्लेटो म्हणाला, असली नाटकं माणसाला हळवं करतात, नगरात नकोत. त्याचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल म्हणाला, करुणा आणि भीती जागवून त्यांचाच निचरा होतो. या 'निचऱ्या'चा नेमका अर्थ काय, यावर लोक अजून भांडताहेत. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने सोफोक्लिसचं 'अँटिगनी' नाटक वाचून मांडलं की खरी शोकांतिका दोन खऱ्या बाजू भिडल्या की होते. फ्रॉइडने तर इडिपसचं नाव थेट मनाच्या दुखण्याला दिलं. हे तुम्हाला ठाऊक आहे. पण १९९३ मध्ये पीटर सेलर्स या अमेरिकन दिग्दर्शकाने हेच 'पर्शियन' आखाती युद्धावर बेतलं, सूसाच्या जागी इराक ठेवून, हे मला इथे आल्यावर कळलं. तेव्हा कुणाला काय पडलंय, याचं माझं उत्तर एवढंच आहे. हरलेल्याच्या घरात जाऊन बघायची युक्ती या एका नाटकाने रंगभूमीला दिली, आणि ती अजून वापरात आहे.

आपल्याकडे स्त्रीपर्वात गांधारी रणांगण बघते. पण तिथे दोन्हीकडची पोरं घरचीच. हे तसं नाही. तुमचं मत वेगळं असणार, भांडू फोनवर.

एक काम आहे. वरच्या फळीवर विंदांचं 'अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' आहे. त्यांनी 'कॅथार्सिस'ला, म्हणजे त्या निचऱ्याला, मराठीत कोणता शब्द घातलाय, ते पान मोबाइलवर पाठवा. दादाला सांगा, तुमचा चष्मा त्याच पुस्तकाखाली असायचा.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल वेळेवर लावत जा म्हणावं.

आपला,
बाळ